तक्रार माझी, पण जॉब कार्डावर शब्द सर्व्हिस सेंटरचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय पण कृपया जागा द्या, कारण हा विषय माझ्या एकट्याचा नाही. म्हणणं एकच आहे ते आधी सांगून टाकतो. नवीन गाडी बिघडू शकते. मशीन आहे, आणि मी आयुष्यभर मशीनच्याच धंद्यात होतो त्यामुळे गाडी बिघडली याचा राग धरून बसलेलो नाही. पण गाडी बिघडलीये हे कागदावर येऊच द्यायचं नाही, असं जे सध्या सर्व्हिस सेंटरमध्ये चालतं ते बंद झालं पाहिजे. गिऱ्हाईक जे सांगतो ते त्याच्या शब्दात जॉब कार्डावर, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार आणि काम नोंदवतं त्या कागदावर लिहा आणि गाडीच्या कॉम्प्युटरने जे पकडलं त्याचा प्रिंट त्याच्या हातात द्या, एवढीच मागणी आहे.

शोरूमचं आणि कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. एका शोरूमला धडा शिकवायला हे पत्र लिहिलेलं नाही. सोसायटीत, नात्यात, जुन्या कामावरच्या लोकांत ज्याला ज्याला सांगितलं त्याने वेगळ्याच कंपनीच्या गाडीची हीच गोष्ट मला ऐकवली.

गाडी आम्ही २०२५ च्या दसऱ्याला घेतली. त्या वर्षी २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेस गेला, आणि दसरा आला २ ऑक्टोबरला, त्यामुळे पितृपक्षात थांबलेले आणि भाव उतरायची वाट बघत बसलेले असे सगळे एकदमच शोरूमला आले. आम्हाला ऑटोमॅटिकच हवी होती कारण मिसेसचा डावा गुडघा गेलाय, वारज्यातून डेक्कनला जायचं तरी क्लच दाबून दाबून रात्री पाय सुजायचा, तिने गाडी चालवणं जवळपास सोडलंच होतं. तिला परत स्वतःच्या स्वतः बहिणीकडे, देवळात, दवाखान्यात जाता यावं म्हणून ही गाडी. पैसे रिटायरमेंटचे काही आणि बाकी लोन. मुलगा म्हणाला होता बाबा जरा थांबून मोठी घेऊ, पण मिसेसला पार्किंगला सोपी म्हणून छोटीच घेतली.

डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, नारळ, फोटो, सगळं झालं. गाडी ताब्यात द्यायच्या आधी डीलरने जी तपासणी करायची असते, ज्याला सगळे पीडीआय म्हणतात, त्याचा कागद मागितला तर सेल्सच्या मुलाने काका झालीये सगळी, आज खूप डिलिव्हऱ्या आहेत, कागद व्हॉट्सअपला पाठवतो म्हणून सांगितलं. तो कागद अजून आलेला नाही. मला तेव्हाच खटकलं होतं पण घरचे सगळे तयार होऊन आलेले, मुहूर्ताची वेळ, त्या गर्दीत कोण कुणाशी वाद घालणार.

आता बिघाड काय ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या गाडीतलं ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. आत गिअरबॉक्स साधाच असतो, मॅन्युअल गाडीत असतो तसाच, क्लचही तसाच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्या हातापायाऐवजी एक ॲक्च्युएटर करतो, त्याला प्रेशर द्यायला छोटा इलेक्ट्रिक पंप असतो आणि कधी कुठला गिअर टाकायचा ते एक कंट्रोलर ठरवतो. व्यवस्था चांगली आहे, स्वस्त आहे, लाखो लोक वापरतात. पण प्रेशर कमी पडलं किंवा एखाद्या सेन्सरने चुकीचं सांगितलं की कंट्रोलर गिअर सोडून देतो. आमच्या गाडीत तेच होतं. गाडी गरम झाली, चढ लागला, पुढे ट्रॅफिक हळू झालं की डिस्प्लेवरचा गिअरचा आकडा लुकलुकायला लागतो, मग तिथे एन, म्हणजे न्यूट्रल, येतो, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. ब्रेक सोडला तर मागे येते. चावी बंद करून थोडा वेळ थांबलं की परत सुरळीत, काही झालंच नाही असं.

पहिल्यांदा झालं वारज्याकडून चांदणी चौकाकडे चढताना, हायवेवर. मिसेस चालवत होती, मी शेजारी. तिथला नवा पूल, रस्ते सगळं मोठं झालंय पण संध्याकाळी त्या चढावर गाड्या एकमेकांना चिकटून चालतात हे पुण्यात सगळ्यांना माहितीये. मागे कंटेनर होता. तो थांबला म्हणून वाचलो, हॉर्नवर हॉर्न, लोक काच खाली करून ओरडतायत, आणि ती बिचारी घाबरून मला विचारतीये माझं काय चुकलं. तिचं काही चुकलं नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला गेलो तर ॲडव्हायझर म्हणाला, काका, ऑटोमॅटिक नवीन आहे ना तुम्हाला, सवय व्हायला वेळ लागतो, सुरुवातीला थोडा जर्क लागतो. मी म्हटलं जर्क नाही, गिअर सुटतो, गाडी मागे येते. तो हो हो म्हणाला आणि टॅबवर टाइप करत राहिला. संध्याकाळी गाडी दिली, क्लच लर्निंग केलंय, सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आता होणार नाही. मला ओटीपी आला तो सांगितला आणि घरी आलो. घरी येऊन मोबाईलवर आलेलं जॉब कार्ड उघडलं तर कस्टमर कम्प्लेंटच्या खाली लिहिलंय, 'गिअर शिफ्ट करताना जर्क', आणि त्याच्यापुढे 'तपासले, ओके'. गाडी मागे आली हे कुठेच नाही, चढ नाही, गरम झाल्यावर होतं हे नाही, एन आला हे नाही. म्हणजे मी जे सांगितलं ते गेलं आणि मी जे नाही म्हटलं तेच माझ्या नावावर तक्रार म्हणून नोंदवलं गेलं.

त्यानंतर जेव्हा जेव्हा गाडी नेली तेव्हा तेव्हा हेच. कधी जर्क, कधी 'जनरल चेकअप', एकदा तर 'कस्टमरला ड्रायव्हिंगचे मार्गदर्शन केले' असं लिहिलं होतं. ते वाचून मिसेसच्या डोळ्यात पाणी आलं. पंचवीस वर्षं स्कूटर आणि गाडी चालवणारी बाई आहे, कधी कुणाला साधा धक्का लावलेला नाही.

टेस्ट ड्राइव्हचं पण सांगितलं पाहिजे. सकाळी दहाला गाडी घेतात, ती दुपारपर्यंत शेडमध्ये सावलीला थंड होत पडते, मग एक मुलगा ती सर्व्हिस रोडने, सपाट रस्त्यावर, एक चक्कर मारून आणतो. गरम झाल्यावर चढावर होणारा बिघाड थंड गाडीत सपाटीवर कसा दिसेल. मी म्हटलं ऑफिस सुटायच्या वेळेला माझ्याबरोबर चांदणी चौकाच्या चढावर चला, एसी लावून, चार माणसं बसवून, मी दाखवतो. तर म्हणे आमच्या टेस्ट रूटच्या बाहेर गाडी नेता येत नाही, पॉलिसी आहे. बरं मग माझ्या मोबाईलमधला व्हिडिओ बघा, मुलाने मागच्या सीटवरून काढलाय, आकडा लुकलुकताना आणि एन येताना स्पष्ट दिसतंय. त्याने बघितला, चेहऱ्यावरून कळलं की त्याला कळलंय, पण म्हणाला सर व्हिडिओ जॉब कार्डाला जोडायची सोय नाहीये सिस्टिममध्ये.

आणि मग ते झालं ज्याच्यामुळे मी हे पत्र लिहायला बसलो. गाडी आत दुरुस्तीच्या जागेत, बे मध्ये होती, मी काचेच्या लाउंजमधून उठून आत गेलो, तिथे एक तरुण टेक्निशियन होता, हुशार मुलगा, बोलण्यावरून गावाकडचा वाटला. त्याने स्टिअरिंगच्या खालच्या सोळा पिनच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि स्क्रीनवर यादी आली. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये फॉल्ट कोड साठलेले होते, एक नाही, ओळीने. ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर तो कोड साठवून ठेवतो, आणि बऱ्याच कोडबरोबर त्या क्षणी स्पीड किती होता, इंजिन किती फिरत होतं, किती गरम होतं हे सुद्धा साठवतो. म्हणजे आमचं म्हणणं गाडी स्वतःच सांगत होती. मुलगा मला म्हणाला, काका, हे बघा, प्रेशरचा कोड आहे, तुमचं बरोबर आहे. मी खिशातून मोबाईल काढला फोटो काढायला, तेवढ्यात मागून ॲडव्हायझर आला, म्हणाला सर इथे फोटो अलाउड नाही, कस्टमरने बे मध्ये यायचंच नाही, सेफ्टी आहे. आणि त्या मुलाला म्हणाला क्लिअर मार आणि गाडी काढ. त्याने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, कोड नाही. त्या दिवशीच्या जॉब कार्डावर काय आलं असेल ते वाचकांना सांगायला नको.

त्या मुलावर माझा काडीचाही राग नाही. नोकरीची गरज असलेला मुलगा आहे. ॲडव्हायझरवर सुद्धा अर्धाच राग आहे, कारण वॉरंटीतला मोठा पार्ट बदलायचा तर कंपनीची परवानगी लागते, क्लेम नाकारला गेला तर डीलरच्या अंगावर येतो, आणि त्याच्या डोक्यावर रोज किती गाड्या बाहेर काढायच्या त्याचं टार्गेट असतं. वर तो रेटिंगचा प्रकार. गाडी देताना दर वेळी हात जोडून सांगतात, काका, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात. फोन येतो, ती मुलगी विचारते सर्व्हिसबद्दल समाधानी आहात का, मी सांगायला लागतो गिअरबॉक्स, तर तिच्याकडे त्याला रकानाच नाही, फक्त आकडा. म्हणजे कंपनीकडे काय पोचतं, तर जॉब कार्डावर जर्क, तपासले, ओके आणि रेटिंग दहा. मग चाकणला किंवा जिथे कुठे ती गाडी बनते तिथे बसलेल्या इंजिनिअरला कसं कळणार की पंप गरम झाल्यावर प्रेशर सोडतोय. त्याच्यापर्यंत बातमी जाऊच दिलेली नाही.

हे मला का इतकं लागतं ते सांगतो. मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटीला होतो. आमचे पार्ट याच गाड्यांच्या कंपन्यांना जायचे, थेट नाही, मधल्या मोठ्या सप्लायरकडून. एखादा बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, वीस मायक्रॉनने, म्हणजे केसाहूनही कमी फरकाने, साइझच्या बाहेर गेलेला सापडला की त्याच दिवशी मेल. लगेच दोन पोरं त्यांच्या प्लांटला पाठवा, सगळा स्टॉक सॉर्ट करून द्या, रात्रपाळीला करा पण लाइन थांबता कामा नये. मग व्हाय-व्हाय ॲनालिसिस, मूळ कारण काय, परत होऊ नये म्हणून काय केलं, त्याचा फोटोसकट रिपोर्ट, म्हणजे तो ८डी. त्यात 'तपासले, ओके' लिहून पाठवलं असतं तर दुसऱ्या दिवशी आमची ऑर्डर बंद झाली असती. 'ऑपरेटरची चूक' असं कारण लिहिलं तरी परत यायचा, ऑपरेटर चुकला तर तो चुकू शकेल अशी प्रोसेस का ठेवली असं विचारायचे. वर डेबिट नोट. आणि ते बरोबरच होतं, मी कधी तक्रार केली नाही, त्या शिस्तीनेच भोसरी, पिंपरी, चाकणच्या शेकडो छोट्या वर्कशॉपांना जगाच्या दर्जाचं काम करायला शिकवलं. पण हीच इंडस्ट्री आमच्यासारख्या चाळीस रुपयांच्या बुशवाल्याकडून मूळ कारण लेखी घेते आणि नऊ लाख मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या गाडीतला फॉल्ट कोड सुद्धा दाखवत नाही, हे मला सहन होत नाही.

डिसेंबरमध्ये आईला घेऊन साताऱ्याला निघालो होतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मागे बसलेली. त्याच्या आदल्याच आठवड्यात गाडी सर्व्हिस सेंटरमधून आणलेली, आता शंभर टक्के झालंय सर, बिनधास्त जा असं सांगून दिलेली. तेव्हा साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावाच लागायचा, बोगदा फक्त येताना होता. घाटात वळणावर ट्रक पुढे रांगत होते, आणि तिथे गाडीने गिअर सोडला. मी हँडब्रेक ओढला, मुलगा उतरून मागे पळत गेला, हात करून मागच्या गाड्या थांबवायला. मागे उसाच्या ट्रॉल्या, एसटी, टँकर. आई काही बोलली नाही, नुसती पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसली होती, तिच्या बोटांची कांडी पांढरी पडली होती. रोडसाइड असिस्टन्सला फोन लावला तर आधी चॅसिस नंबर, मग लोकेशन पाठवा, मग घाटात गाडी यायला वेळ लागेल. शेवटी एका ट्रकच्या ड्रायव्हरने आणि क्लीनरने चाकाला दगड लावून दिले, थांबून राहिले, ट्रॅफिक वळवलं. त्यांचं नाव पण विचारायचं राहिलं. गाडी थंड झाल्यावर परत चालू झाली, कसेबसे वर आलो. आई आता त्या गाडीत बसत नाही, मिसेस चालवत नाही. हप्ता मात्र महिन्याच्या पाच तारखेला जातोच.

मी त्या ट्रॉल्यांचा विचार करून अजूनही रात्री जागा होतो. हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाहीये, कुणाचा तरी जीव जाईल, आणि मग जॉब कार्ड काढून बघतील तर त्यात सगळं ओके.

आता कायद्याचं. रिटायर झाल्यावर वेळ आहे म्हणून वाचून काढलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ५० लाखापर्यंतच्या वस्तूची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आपण राहतो तिथल्या, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. वकील लावलाच पाहिजे असं नाही. फी ५ लाखापर्यंत काही नाही, १० लाखापर्यंत २०० रुपये. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आणि एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहिती नसते, की 'सेवेतील त्रुटी' याच्या व्याख्येत ग्राहकाला द्यायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणं हे सुद्धा कायद्याने घातलेलं आहे. माझ्यासमोर कोड पुसले, फोटो काढू दिला नाही, प्रिंट दिला नाही, हे माझ्या मते सरळ सरळ त्यातच बसतं.

पण केस उभी राहते कागदावर. गाडीत उत्पादनातलाच दोष आहे हे दाखवायचं कुणी, तर तक्रार करणाऱ्याने. समोरचा वकील जॉब कार्डांची चळत ठेवणार, बघा साहेब, जर्कची किरकोळ तक्रार, दर वेळी तपासली, ओके आढळली, ग्राहकाने ओटीपी देऊन समाधानाने गाडी नेली. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये एका गाडीच्या केसमध्ये सांगितलेलं आहे की वॉरंटीत खराब पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून द्यायची जबाबदारी आहे, तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. अमेरिकेत नवीन गाडी वारंवार त्याच बिघाडासाठी आली तर ती बदलून किंवा पैसे परत द्यायचे कायदे १९८२ पासून राज्याराज्यात आहेत, आपल्याकडे गाड्यांसाठी तसा वेगळा कायदा नाही. म्हणजे आपल्या हातात काय राहतं, तर वारंवार तोच बिघाड झाला याचा पुरावा, आणि तोच पुरावा पहिल्या दिवसापासून काउंटरवर नाहीसा होतो.

रिकॉलचंही तसंच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांमध्ये सुरक्षेला धोका असलेला दोष असेल तर सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं, दंडही १० लाखापासून १ कोटीपर्यंत आहे. पण त्यासाठी त्या मॉडेलच्या विक्रीच्या मानाने ठरावीक प्रमाणात तक्रारी केंद्राच्या पोर्टलवर याव्या लागतात. आता ज्याला सर्व्हिस सेंटरने पटवून दिलंय की तुम्हाला ऑटोमॅटिक चालवता येत नाही, तो कशाला पोर्टल शोधून तक्रार करेल? माझ्यासारखे अजून किती जण पुण्यात याच मॉडेलच्या गाडीत चढावर अडकले असतील, त्यातल्या प्रत्येकाला वाटत असणार फक्त माझ्याच गाडीत आहे, किंवा माझंच चुकतंय.

ज्यांच्याकडे असा त्रास चालू आहे त्यांना मी आता इतकंच सांगतो की तोंडी बोलू नका. गाडी द्यायच्या आधीच तक्रार ईमेलने डीलरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला दोघांनाही पाठवा, मराठीत पाठवली तरी चालते, कधी, कुठे, किती वाजता, चढ होता का, डिस्प्लेवर काय आलं सगळं लिहा, व्हिडिओ जोडा. मग काउंटरवर ॲडव्हायझरला म्हणा 'ईमेलप्रमाणे' एवढं तरी जॉब कार्डावर लिही. टॅबवर सही करायच्या आधी तो टॅब हातात घेऊन वाचा, शब्द वेगळा असेल तर बदलायला लावा, मागे रांग लागली असेल तर लागू दे. गाडी परत घेताना कोड रिपोर्टचा प्रिंट मागा, नाही दिला तर 'मागितला, दिला नाही' अशी ईमेल तिथेच उभं राहून पाठवा. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर मिळतो, तो पुढे उपयोगी पडतो. आणि रेटिंगचा फोन आला तर खरा आकडा द्या, समोरच्या मुलाची कितीही दया आली तरी. हे मला स्वतःला जड जातं, पण मी आता तसंच करतो.

हे सगळं गिऱ्हाइकाने करायचं हे मुळात बरोबर नाही याची मला कल्पना आहे. नऊ लाख मोजून वर हे सगळं करायला प्रत्येकाकडे माझ्यासारखा रिकामा वेळ नसतो. हिंजवडीला रोज जाऊन येणारी मुलं कुठे एवढं करणार, ती वैतागून तोट्यात गाडी विकून टाकतात आणि तो दोष दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात जातो. म्हणून नियमच हवा. तक्रार ग्राहकाच्या शब्दात, ग्राहकाच्या भाषेत नोंदवणं डीलरला बंधनकारक करा. कोड पुसायच्या आधी त्याची प्रत ग्राहकाला द्या. आणि सुरक्षेची तीच तक्रार परत आली की ती डीलरच्या हातातून काढून थेट कंपनीच्या इंजिनिअरकडे जाऊ दे, आणि त्याने जसा आमच्याकडून घ्यायचा तसा मूळ कारणाचा रिपोर्ट गिऱ्हाइकाला द्यावा.

अजून एक सुचवतो. कायद्यात सोय आहे की दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल तर जिल्हा आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मग पुण्यापेक्षा योग्य जागा कुठली? देशातल्या गाड्या तपासून पास करणारी एआरएआय इथे वेताळ टेकडीवर, १९६६ पासून आहे. सीओईपी आहे, १८५४ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज, आता विद्यापीठ झालंय. इथे वाहनांच्या धंद्यात केस पिकलेले माझ्यासारखे रिटायर लोक गल्लोगल्ली आहेत, टूल रूमवाले, टेस्टिंगवाले, गिअरबॉक्स असेंब्लीवाले, त्यातले कितीतरी जण अशा कामाला आनंदाने वेळ देतील. माफक फी घेऊन ग्राहकाच्या गाडीचा स्वतंत्र तपासणी रिपोर्ट देणारी एक खिडकी इथे सुरू झाली पाहिजे. रिपोर्ट डीलरच्या बाजूने निघाला तरी हरकत नाही, तो खरा असू दे. ग्राहक पंचायत १९७४ साली पुण्यातच बिंदुमाधव जोशींनी सुरू केली होती, त्यामुळे ग्राहकाच्या बाजूने उभं राहायची या गावाला सवय आहे. जिल्हाधिकारी, आरटीओ, ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते यापैकी कुणी पुढाकार घेतला तर मी कागद घेऊन यायला तयार आहे.

माझी गाडी आज परत सर्व्हिस सेंटरलाच आहे. या वेळी मी ईमेल करून, छापील कागद देऊन, त्यावर त्यांचा शिक्का घेऊन गाडी सोडून आलोय, शिक्का द्यायला पण मॅनेजरला बोलवावं लागलं. ॲक्च्युएटर बदलायची परवानगी कंपनीकडे मागितलीये असं तोंडी सांगितलंय, मी लेखी मागितलंय. जिल्हा आयोगाकडची तक्रार मी लिहून तयार ठेवलीये, ती गाडी दुरुस्त झाली तरी दाखल करणार आहे, कोड पुसल्याबद्दल.

आपल्याला विनंती आहे की पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या ज्या वाचकांची नवीन गाडी चढावर गिअर सोडते, किंवा ज्यांच्या जॉब कार्डावर त्यांनी न केलेली तक्रार लिहिलेली आहे, त्यांची पत्रं आपण मागवावीत. कंपनीचं नाव छापू नका हवं तर, पण गाडीचं मॉडेल, बिघाड आणि जॉब कार्डाची प्रत आपल्याकडे जमा होऊ दे. केंद्राच्या रिकॉल पोर्टलवर तक्रार कशी करायची ते मी ज्याला हवं त्याला शेजारी बसून भरून देईन.

आपला,
एक वाचक, वारजे, पुणे